झाकण्याआधी

सोलापूरचं निम्मं काम जमिनीवर बसून झालेलं आहे. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेते, सुपात तेंदूची कापलेली पानं आणि तंबाखू, आणि भिंतीला पाठ लावून दिवसभर खाली बसते. शेंगांची चटणी ज्या उखळात कुटली जायची ते उखळ जुन्या घरांत जमिनीतच बसवलेलं असे. खड्डामागावरचा विणकर तर जमिनीवरही नाही, जमिनीत बसायचा. खड्ड्याच्या काठावर बैठक, पाय आत सोडलेले, पायांनी खालच्या पट्ट्या दाबायच्या आणि हातांनी धोटा फेकायचा. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर गेला की दुपारी याच जमिनीवर पाण्याचा शिपका मारायचा, फडक्याने पुसून घ्यायचं आणि नुसती उशी घेऊन उघड्या फरशीवर आडवं व्हायचं. इथल्या माणसाला फरशी तळपायापेक्षा पाठीने जास्त कळते.

म्हणूनच फरशी बदलायचा विषय आमच्या घरात पाडव्याला निघाला तो दसऱ्यापर्यंत पुरला. भिंतींना रंग लावायचा असता तर एका चहात ठरलं असतं.

आधी भुई असायची ती सारवलेली. मग शहाबादी आली. शहाबाद हे सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरचं गाव. तिथला चुनखडीचा दगड निसर्गानेच थराथरांनी रचून ठेवलेला, त्यामुळे छिन्नी नेमकी लागली की लादी सुटून येते. ती निळसर करडी लादी वाड्यांत, चाळींत, अंगणांत सगळीकडे बसली. पण घरात पैसा आल्याची खूण म्हणजे मोझॅक. खाली वाळू-सिमेंटचा थर, वर रंगीत सिमेंटात मिसळलेली संगमरवराची खडी. दोन्ही एका साच्यात घालून यंत्राने दाबायचं, पाण्यात मुरवायचं, कोब्यावर बसवायचं, मग घासायचं मशीन फिरवायचं. ते मशीन फिरून जाईपर्यंत लादी कळाहीन दिसते. वरचा सिमेंटचा पापुद्रा निघाला की खडी कापली जाते आणि रंग उघडे पडतात. 1922 साली मुंबईजवळ फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला तो परदेशातून येणाऱ्या लाद्यांना स्वदेशी उत्तर म्हणून. पुढे गावोगावी सिमेंटच्या लाद्यांचे लहान कारखाने निघाले, आणि मुंबईची ऐट जिल्ह्याच्या गावातल्या मधल्या खोलीत येऊन बसली.

साखर पेठेतल्या आमच्या घरात मोझॅक बसलं ते बहात्तरच्या दुष्काळानंतर, आजोबांच्या गिरणीतल्या फंडाच्या पैशातून. पिवळट सिमेंटात काळी, हिरवी, विटकरी खडी. स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला लादीची चकाकी पार गेलेली, कारण तिथे वर्षानुवर्षं चिंचेचा कोळ सांडत आला, आणि संगमरवराच्या खडीला काय, सिमेंटला काय, आंबट सोसत नाही. देव्हाऱ्यापुढची लादी मात्र तेलाच्या थेंबांनी गडद झालेली. घरात कोण कुठे उभं राहिलं, कुठे बसलं, हे त्या फरशीवरून सांगता यावं.

आणि हीच फरशी आता आईला नको झाली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ओल्या मोझॅकवर पाय सटकतो, डिसेंबरात गार फरशी पायाला चावते. फोडून नवीन टाइल्स घालायच्या तर महिनाभर धूळ, आणि शेजाऱ्यांची-आमची भिंत एकच. टाइलवर टाइल बसवावी तर जमीन चांगली इंचभर वर येणार, सगळी दारं अडणार. राहिलं व्हिनाइल: 2 मिलिमीटर जाडीचं, वरून खरबरीत, गुंडाळीतून उलगडायचं आणि चिकटवायचं.

भाचा पुण्यात आर्किटेक्चर शिकतो. तो सुटीत आला आणि हबकलाच. "आत्या, लोक आता पैसे देऊन वरच्या टाइल्स काढून खालचं मोझॅक शोधतायत. पॉलिश करून घे, झाकतेस काय!" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आईने कॉटवरूनच विचारलं, "सुंदर आहे म्हणून मी पडू का?" यावर आर्किटेक्चरच्या कुठल्याच वर्षात उत्तर शिकवत नसावेत. तह झाला तो असा: बाहेरची खोली उघडी ठेवायची, तिथलं मोझॅक नुसतं घासून घ्यायचं, आई जिथे वावरते त्या मधल्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत व्हिनाइल.

या व्हिनाइलचा जन्मही मजेचा आहे. 1926 साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतले वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवणारं काहीतरी शोधत होते. हाती लागलं ते चिकटण्याच्या कामाचं नव्हतं, पण वाकणारं आणि पाण्याला दाद न देणारं होतं. 1933 च्या शिकागोच्या प्रदर्शनात त्याची फरशी लोकांनी पाहिली. त्याआधी साहेबाच्या घरात लिनोलियम असे, आणि ते चक्क जवसाच्या तेलाचं. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने 1860 च्या दशकात, उघड्या राहिलेल्या तेलावर धरणारी चिवट साय पाहून त्यात बुचाची भुकटी घातली आणि तो लगदा कापडावर थापला. आपण ज्या जवसाची चटणी भाकरीवर घेतो, तिकडे लोक त्याच्यावर चालत होते. व्हिनाइलने ते जवस हटवलं. गोंद शोधता शोधता सापडलेला हा पदार्थ जमिनीवर टिकवायचा तर मात्र गोंदच लागतो, आणि गोंद टिकायचा तर खालची जमीन विश्वासाची लागते.

हे मला दुकानदाराने सांगितलं नाही. त्याच्या कोटेशनात "सरफेस तयार करणे" एवढी एकच ओळ होती, आणि तिच्यापुढची रक्कम सगळ्यांत लहान. सांगितलं ते मिस्त्रींनी. पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलणारे, आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठीत. चपला दाराबाहेर काढून ते खोलीभर अनवाणी फिरले, टाच दाबून दाबून, आणि म्हणाले, "अक्का, हे रंग झाकतंय. आकार झाकत नाय. खाली जे हाय ते वर येतंयच बघा, सा महिन्यानं येऊ दे नायतर वर्षानं."

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात समजून घ्यायचं एवढंच होतं. बाकी त्याचा तपशील.

लादी जाड आणि ताठ असते, त्यामुळे खालचा बारीकसारीक दोष ती पोटात घेते. दोन मिलिमीटरच्या व्हिनाइलला पोटच नाही. खाली वाळूचा कण राहिला तर वर फोडीसारखा उंचवटा. दरज भरायची राहिली तर चालून चालून व्हिनाइल तिच्यात उतरतं आणि वर्षभरात जुन्या लाद्यांचे चौकोन नव्या लाकडी नक्षीतून डोकं काढतात. म्हणजे जी फरशी दाखवायची तिच्याकडे दुर्लक्ष चालतं, पण जी झाकायची तिचा कोपरा न् कोपरा माहीत पाहिजे. आम्ही पन्नास वर्षं या मोझॅकवर राहिलो आणि ते झाकायचं ठरल्यावर पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

पहिलं काम कानाचं. मिस्त्री उकिडवे बसले आणि हातोडीच्या लाकडी मुठीने एकेक लादी ठोकत निघाले. घट्ट बसलेली लादी टणक वाजते. खालून सुटलेली ढब्ब. ढब्ब आली की खडूने फुली. एक कान जमिनीकडे कललेला, पंखा बंद, आई कॉटवर, कुणी बोलायचं नाही. दाराजवळ एक फुली, खिडकीखाली दोन, सुट्या सुट्या. मधल्या खोलीच्या उत्तरेच्या भिंतीशी मात्र फुल्या एकीला एक लागून पडायला लागल्या. मिस्त्री मागे सरकले, पुन्हा ठोकून पाहिलं, आणि खडूने बाहेरून रेघ ओढली. जमिनीवर एक लांबट चौकोन उमटला, तीनएक फूट रुंद, भिंतीला समांतर.

"मागाचा खड्डा," आई म्हणाली. आजोबांनी घर घेतलं ते एका विणकर कुटुंबाकडून, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माग नेमका कुठे होता ते फक्त ऐकीव. खिडकी त्या भिंतीला इतकी खाली का, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला: खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाच्या हातावर उजेड पडावा म्हणून. मिस्त्रींना नवल वाटलं नाही. त्यांच्या आजोबांचाही माग असाच होता. "ह्या गल्लीत सगळीकडंच हाय," ते म्हणाले. "माग गेला, खड्डा भरला, वर फरशी. नीट धुमस केलेलं नसतंय. बसतंय मग."

लाद्या उचलल्या. जुन्या घरात खणलं की काहीतरी सापडावं असं आपल्याला वाटतं. अर्ध्या विटा, राख, सुटा मुरूम निघाला. बाकी काही नाही. तो उपसून पुन्हा मुरूम भरला तो थराथराने, प्रत्येक थरावर पाणी आणि धुमस, वर काँक्रीट. सिमेंटला पुरती ताकद यायला 28 दिवस धरतात. त्यानंतरही ओल निघून जायला वेळ द्यावा लागतो. ज्या शहरात तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं तिथे काँक्रीटला रोज पाणी मारणं म्हणजे पिंपातल्या प्रत्येक तांब्याचा हिशेब. आईने तो विनातक्रार दिला. धुण्याचं दुसरं पाणी बादलीत राखून ठेवायची आणि सकाळी म्हणायची, "खड्ड्याला घाला आधी."

दुसरं काम हाताचं. दिवाळीला नारळाच्या शेंडीने फरशीला मेण चोळायची आमच्याकडे रीत होती, आणि मेणावर गोंद धरत नाही. धुण्याचा सोडा, गरम पाणी, तारेचा ब्रश. किती निघालं ते पाहायची युक्ती सोपी आहे: कोरड्या झालेल्या लादीवर पाण्याचा थेंब सोडायचा. थेंब गोल टपोरा राहिला तर वर अजून काहीतरी आहे. पसरून हळूहळू आत शिरला तर लादी मोकळी झाली. मी संध्याकाळभर वाटी आणि बोटं घेऊन खोलीभर थेंब सोडत बसले. मागच्या खोलीत काही लाद्यांवर थेंब काही केल्या जिरेना. तिथे काही वर्षं भाड्याने यंत्रमाग होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जायच्या आधी सोलापुरातले कितीतरी माग असे लोकांच्या घरांतच खडखडत होते. बोल्टांची भोकं नंतर सिमेंटने बुजवलेली दिसतातच, पण तेल खाली किती मुरलंय ते थेंबाने दाखवलं. मिस्त्रींनी त्यावर कोरडं सिमेंट पसरून तेल ओढून घेतलं, खरवडलं, पुन्हा पसरलं. दोन लाद्यांनी तरीही ऐकलं नाही. त्या काढूनच टाकल्या.

तिसरं काम वाट पाहायचं. जुन्या घरांच्या जमिनीखाली ओल अडवायला काही घातलेलं नसतं. खाली काळी माती; पावसाळ्यात ती पाणी पिते आणि ते पाणी कोब्यातून वर चढतं, म्हणून तर भिंतींना खाली लोणा येतो. मोझॅकला याचं काही नाही, ओल वर येते आणि उडून जाते. वर व्हिनाइल घातलं की तिची वाट बंद. मग ती गोंद सोडवते, फुगे आणते, कुबट वास धरते. त्याची परीक्षा अशी: दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून फरशीवर घट्ट बसवायचा आणि निदान 16 तास तसाच ठेवायचा. काढताना आतून दव दिसलं किंवा फरशी काळवंडली, तर थांबायचं.

आम्ही मे महिन्यात कागद लावला. कोरडा ठणठणीत. मी खूष. मिस्त्री म्हणाले, "आता काय, आता सगळं सोलापूरच कोरडं हाय की." खरंच होतं. सोलापूर पर्जन्यछायेतलं; आमच्याकडे पावसाचा जोर असतो तो सप्टेंबरात. तेव्हा पुन्हा कागद लावला. मधली खोली कोरडी निघाली. स्वयंपाकघरात मोरीच्या बाजूला कागदाखाली घाम. मोरीची दरज झिजून पाणी आत जात होतं. ती दुरुस्त केली, मग तिथल्या फरशीवर ओल रोखणारा लेप दिला. उन्हाळ्यात घाई केली असती तर हे दिवाळीनंतर व्हिनाइलनेच सांगितलं असतं.

एका गोष्टीवर मात्र मिस्त्री आणि दुकानदाराचा माणूस यांचं जुंपलं. स्वयंपाकघराची जमीन मोरीकडे उतरती आहे. दुकानदाराचा माणूस म्हणाला, लेव्हल करून घ्या, सगळं एका पातळीत. मिस्त्रींनी लेव्हलची पाण्याची नळी बाजूला ठेवली आणि अॅल्युमिनियमची लांब पट्टी आणली. पट्टी उताराच्या दिशेने ठेवली, आडवी ठेवली, तिरपी ठेवली. खाली फट कुठेच नाही. "हे वाकडं नाय," ते म्हणाले, "ह्याला ढाळ म्हणतात. मुद्दाम दिलाय." व्हिनाइलला जमीन सपाट लागते, समपातळीत असायलाच हवी असं नाही. दहा फुटांच्या पट्टीखाली साधारण 5 मिलिमीटरपर्यंत फट चालते. त्याहून जास्त असेल तर ते दुखणं. ढाळ हे दुखणं नव्हे. फरशी बादलीने धुणाऱ्या बायकांसाठी कुणी कारागिराने दोरी लावून, अंदाज घेऊन तो दिलेला होता. आई आता फरशी धुणार नाही, पुसणारच. तरी ढाळ राहू दिला. तांब्या लवंडला तर पाणी कुठे जावं हे जमिनीला माहीत असलेलं बरं.

दरजा भरण्याआधी मिस्त्रींनी रात्री यायला सांगितलं. दिवे घालवले आणि बॅटरी जमिनीला जवळजवळ टेकवून लावली. दिवसा गुळगुळीत दिसणाऱ्या फरशीवर लांब लांब सावल्या पडल्या. एका लादीची कड शेजारणीपेक्षा केसभर वर. तिच्या मागे बोटभर काळी रेघ. कुठे टवका उडालेला, कुठे जात्याचा घाव. सकाळी वर आलेल्या कडा ग्राइंडरने उतरवल्या. ती सिमेंटची धूळ छातीत गेली तर बाधते, म्हणून पाणी मारत, तोंडाला ओलं फडकं बांधून. सगळ्या दरजा आणि टवके भरून घेतले, झाडलं, पुसलं, प्रायमर दिला. मग आपोआप पसरणारं पातळ मिश्रण ओतलं, तेही पहाटे; उन्हं चढली की सोलापुरात ते पसरायच्या आत धरतं. खिडक्या बंद, पंखे बंद, पाणी मापाने. करड्या सायीखाली पिवळं मोझॅक पाऊण तासात दिसेनासं झालं. भाच्याला फोटो पाठवला नाही.

त्या दोन-तीन दिवसांत, मिश्रण वाळत असताना, मला राहून राहून खळीची आठवण येत होती. माग चालण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात. खळ नसेल तर सूत घर्षणाने पिंजतं, तुटतं, माग दर घडीला थांबतो. कापड झाल्यावर ती खळ धुऊन निघते. सोलापूरची चादर विकत घेणारा रंग बघतो, नक्षी बघतो, वजन बघतो. खळ कशी दिली होती असं विचारणारं गिऱ्हाईक जन्माला यायचं आहे. पण सूत तुटलं नाही हे तिचंच काम. आपल्याकडे कारागिराचं कौतुक होतं ते डोळ्यांना दिसेल तेवढ्याचं, आणि पैसेही त्याचेच मिळतात. आमच्या मिस्त्रींनी आम्हाला लावलेला सगळा वेळ जिथे गेला, ती जागा आता कधीच कुणाला दिसणार नाही. चिकटवणारी पोरं आली, गुंडाळी उलगडून एक रात्र तशीच राहू दिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम उरकून गेली. शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, "एका दिवसात झालं की!"

नव्या फरशीबद्दल तक्रार करावी असं फारसं काही नाही. आई काठी न घेता देव्हाऱ्यापर्यंत जाते. पश्चिमेच्या दाराला जाड पडदा लावलाय, कारण मेमधलं थेट ऊन व्हिनाइलला मानवत नाही. दुपारी तिच्यावर आडवं पडावंसं वाटत नाही, हे खरं. पाठीला ती परकी आहे. त्यासाठी बाहेरची खोली आहे, घासून चकचकीत केलेली, आणि भाचा आला की तिथेच लोळतो.

पण झाकणाऱ्यावर एक कर्ज राहतं असं मला वाटायला लागलं. आपण जे दडवलं त्याची नोंद आपण ठेवली नाही तर पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून ठोकत बसावं लागेल. विणकराने खड्डा भरला आणि कुणाला सांगितलं नाही. आजोबांनी त्यावर मोझॅक घातलं आणि तेही बोलले नाहीत. म्हणून मी एक कागद केला. खड्डा कुठे होता, भिंतीपासून किती, वर काँक्रीट किती जाड. कोणत्या लाद्या काढल्या, तेल कुठे मुरलंय. मोरीची दरज दर पावसाळ्याआधी बघावी. ढाळ मुद्दाम आहे, भरू नये. मिस्त्रींनी वाचून घेतला, प्रायमरचं माप दुरुस्त केलं आणि खाली स्वतःचा फोन नंबर लिहिला. कागद प्लास्टिकमध्ये घालून वीजमीटरच्या पेटीच्या दाराला आतून लावला आहे; घर विकलं तरी तो तिथून काढायचा नाही असं ठरलंय. आईने शेवटी एक ओळ आग्रहाने घालायला लावली: "खालचं मोझॅक चांगलं आहे. गुडघे धड असतील त्याने खुशाल काढावं."